मी कोण सांगणारी?

"एवढा शिकलेला माणूस, आणि चित्रं दाखवतो म्हणे! बालवाडी वाटली का काय ही?"

शिलाईमावशी स्वतःशीच पुटपुटल्या. पण दातांत दोरा धरून पुटपुटलं की आवाज नाकातून बाहेर पडतो आणि आहे त्यापेक्षा मोठा होतो, हे मावशींना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी चादरीची दोन टोकं धरून उभ्या असलेल्या धाकटीला सगळं ऐकू आलं. पलीकडची दोन टोकं तिच्या जावेच्या हातात होती. दोघींनी चादर ताणली, झटकली, एकमेकींकडे चालत आल्या, आणि टोकाला टोक भिडलं तेव्हा नाकासमोर नाक आलं.

"मावशी तापल्यात," धाकटी हळूच म्हणाली.

"तापू देत. गार झाल्या की बसतील घडीला," थोरली म्हणाली आणि पुढची चादर उचलायला वळली.

हे एका मोठ्या हॉस्पिटलचं धुलाईघर. वर सगळं काचेचं, पांढरंशुभ्र, हळू आवाजातलं. आणि खाली तळघरात हे, वाफेचं आणि गडगडाटाचं. वरच्यांनी मळवलेलं खाली यायचं आणि खालच्यांनी उजळलेलं वर जायचं. "वर आजारी माणसं, खाली आजारी चादरी," असं बॉयलरवाला म्हणायचा. हा विनोद तो रोज करायचा, आणि रोज नव्याने हसायचा.

थोरली आणि धाकटी या दोघी दोन भावांच्या बायका. एका घरात राहायच्या, एका बसने यायच्या, एका रोलरच्या इस्त्रीवर काम करायच्या. त्यामुळे तळघरात त्यांची नावं कोणी घ्यायचंच नाही. थोरली म्हणजे थोरली आणि धाकटी म्हणजे धाकटी, संपलं.

कोपऱ्यात काचेची एक खोली होती. तिच्यात साहेब बसायचे. साहेब चांगले होते. त्यांच्या चांगुलपणाचा मोठा भाग असा, की ते कशात पडत नसत. सकाळी येऊन ते पेपर उघडायचे आणि दुपारी मिटायचे. मधल्या वेळात धुलाईघर चालायचं. कसं चालायचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि चालत्या गाडीला खीळ कशाला घाला, म्हणून कोणी सांगितलंही नाही.

पण धाकटीला ते माहीत होतं. लग्न होऊन ती या घरात आली, मागोमाग या तळघरात आली, आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं की थोरली कोणाला काही सांगत नाही; ती विचारते.

"बॉयलरदादा, मला आपलं वाटलं म्हणून विचारते हं, वाफ आधी त्या तिकडच्या मशीनला दिली तर?"

"मावशी, हिरव्या चादरींचा गठ्ठा वर ठेवू का खाली? तुम्हाला काय बरं पडेल?"

बॉयलरवाला मान खाजवायचा, "हो की, मीही तेच म्हणणार होतो," म्हणायचा आणि चावी फिरवायचा. मावशी गठ्ठा वर घ्यायच्या. पुढचे दोन तास कामं एकमेकांच्या हातात हात घालून चालायची. कुठे काय अडणार हे थोरलीला अडायच्या आधी कळायचं. मशीनचा आवाज जरा घोगरा झाला की पाठमोरी असूनही तिची मान तिकडे वळायची. आणि कोणी म्हणालंच, "थोरले, तू आहेस म्हणून चाललंय गं सगळं," तर तिचं एक ठरलेलं वाक्य होतं.

"छे छे. मी कोण सांगणारी?"

धाकटीला तिचं भारी कौतुक. माहेरी ती जावेच्याच गोष्टी सांगायची, इतक्या, की तिची आई एकदा म्हणाली, "लग्न तू नवऱ्याशी केलंस का जावेशी?"

तर असे हे साहेब आता निवृत्त होणार होते, आणि काचेच्या खोलीत कोणाला बसवायचं ते ठरवायला वरच्या ऑफिसने एक माणूस पाठवला. उंच, सडपातळ, बोलताना किंचित वाकणारा. आल्या आल्या मावशींनी त्याचं नाव ठेवलं फूटपट्टी. त्याने कपड्यांच्या कोठीत टेबल मांडलं, एकेकाला आत बोलावलं, आणि एकेक चित्र समोर ठेवून म्हणू लागला, "यात काय चाललंय? आधी काय झालं असेल? पुढे काय होईल? गोष्ट सांगा, सुचेल तशी. मी मध्ये बोलणार नाही." आणि आवाज टिपणारं यंत्र सुरू करून हनुवटीवर हात ठेवून बसायचा.

कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. सांगून चालत नसतं. पण साहेबांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांनी चहा पिता पिता बॉयलरवाल्याला सांगितलं, आणि बॉयलरवाल्याला सांगणं म्हणजे भोंग्याला सांगणं.

"अधिकाराची ओढ मोजतोय तो!" जेवणाच्या सुट्टीत बॉयलरवाला सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाला. "आपल्या गोष्टीत कोण कोणावर हुकूम गाजवतं, कोणाला मोठं व्हायचंय, कोण न मागता दुसऱ्याच्या मदतीला धावतं, ते एकेक वेचून मोजतो. आणि त्यावरून ठरवतो, आपल्या पोटात किती आहे ते."

"पोटात काय आहे?"

"हाव."

आता यात चूक अशी झाली की ती फक्त धुलाईघरातच व्हावी. तळघरात तपासणीचं एक टेबल होतं. त्याच्या काचेखाली दिवा लागायचा. धुतलेली चादर त्यावर पसरायची आणि डाग मोजायचे. मोजणं म्हणजे हेच, डाग मोजणं. जास्त निघावं म्हणूनही कोणी मोजतं, हे त्या लोकांच्या गावीही नव्हतं. डाग जितके कमी तितकी चादर चांगली. जास्त निघाले की परत मशीनमध्ये. तेव्हा कोणीतरी आपल्या गोष्टींत काहीतरी मोजतंय म्हटल्यावर सगळ्यांनी एका विचाराने ठरवलं: गोष्ट घासूनपुसून द्यायची. एक ठिपका दिसता कामा नये.

धाकटी तेव्हा वरच्या वॉर्डात चादरींची गाडी पोचवायला गेली होती.

शिलाईमावशींना चित्र मिळालं ते टेबलाभोवती बसलेल्या माणसांचं. मावशी म्हणाल्या, "बसलेत. सगळे बरे आहेत. कोणी कोणाला काही बोलत नाही. नंतर उठतील."

बॉयलरवाल्याच्या चित्रात एक माणूस जिन्याच्या टोकाला उभा होता आणि खाली माणसांचा घोळका. "तो जिना उतरतोय," बॉयलरवाला म्हणाला. बराच विचार करून त्याने भर घातली, "उतरला. घरी गेला."

"आणि खालचे लोक?" फूटपट्टीला न राहवून विचारावं लागलं.

"तेही गेले. वेगवेगळ्या दारांनी."

थोरलीला चित्र आलं ते हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या असलेल्या बाईचं. बाईच्या मागे एक लांबलचक खोली आणि खोलीत माणसं कामाला लागलेली. थोरली त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने ते टेबलावर पालथं ठेवलं.

"किल्ल्या तिच्या नाहीत," ती म्हणाली. "ज्याच्या आहेत त्याला परत द्यायला चाललीय."

नंतर धाकटी आत गेली. तिलाही नेमकं तेच किल्लीवाल्या बाईचं चित्र मिळालं, आणि तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ती जी सुटली! ही बाई सकाळी सगळ्यांच्या आधी येते. सगळ्यांना वाटतं आपण आपल्या मनाने काम करतोय, पण नाही, ही त्यांना असं हलवते की त्यांना पत्ताही लागत नाही. एकदा खोलीत आग लागता लागता राहिली, तेव्हा हिने नुसत्या डोळ्यांनी सगळ्यांना जागेवर उभं केलं. पुढे काय होईल? पुढे सगळी इमारत हिच्या हाताखाली येईल, आणि वरची मोठी माणसं खाली येऊन हिला विचारतील, बाई, आता काय करू?

फूटपट्टीची हनुवटी हातावरून निसटली.

आठवडाभराने साहेबांनी सगळ्यांना काचेच्या खोलीसमोर उभं केलं आणि निकाल वाचून दाखवला. अधिकाराची ओढ, तीही दुसऱ्यांना उभं करणारी, सर्वांत जास्त दिसली ती धाकटीत. बाकी कोणात विशेष काही आढळलं नाही. "विशेष काही नाही," साहेबांनी पुन्हा वाचलं, आणि मावशींनी हळूच बॉयलरवाल्याला कोपर मारलं. डाग निघाला नाही याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. ते मग ओसरलं. कारण तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की खुर्ची कोणाकडे चाललीय. आणि सगळे थोरलीकडे न बघण्यासाठी जमिनीकडे बघू लागले.

धाकटीने होकार द्यायचा, मग फूटपट्टी एक दिवस तिचं काम बघणार, आणि नाही म्हणाली तर बाहेरचा कोणीतरी माणूस आणून बसवणार, असं ठरलं.

"छान झालं," थोरली म्हणाली. "घरातच राहिलं."

त्या संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याला आनंद मावेना. त्याच्या मोठ्या भावालाही झाला, तो म्हणाला, "बरं झालं बाई. आमच्या हिला असल्या गोष्टींची हौस नाहीच. आपण बरं की आपलं काम बरं." थोरली मोरीत भांडी घासत होती. धाकटी कोरडी करायला शेजारी उभी राहिली. पातेल्याच्या तळाला थोरली असा जोर लावत होती की धाकटीला वाटलं, आता पलीकडचं दिसेल.

"जाऊबाई, रागावलात?"

"कशाला गं रागावू?"

"मी नाही म्हणून टाकते."

"वेडी आहेस का? मग बाहेरचा येईल. त्याला आपली मशीनं काय कळणार? तू घे. मी आहे ना."

यात खोटं काही नव्हतं, तरी धाकटीला जेवण गोड लागलं नाही. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, जी तिने माहेरीसुद्धा सांगितली नव्हती. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी साहेब वर मीटिंगला गेले होते, बाकीचे जेवत होते, आणि डबा विसरला म्हणून धाकटी परत आली होती. काचेच्या खोलीत थोरली होती. तिने साहेबांची खुर्ची टेबलाशी नीट सरळ केली, जराशी मागे ओढली, आणि बसली. अगदी एखादा श्वास. दोन्ही हात टेबलावर ठेवले, समोरच्या काचेतून सबंध धुलाईघर एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं. मग उठली आणि बसलेली जागा बाहीने पुसून काढली, जसा काही तिथे डाग पडला होता.

धाकटी डबा न घेताच मागच्या मागे फिरली. डबा घरीच विसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं. थोरलीने आपल्यातलं अर्धं तिला दिलं.

मग तो बघायचा दिवस उजाडला. फूटपट्टी कोठीच्या दाराशी स्टुलावर बसला. साहेबांनी पेपर घेऊन बाहेरचा बाक धरला. धाकटी काचेच्या खोलीत गेली, खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. खुर्ची तिला खोल होती. पाय टेकत नव्हते.

सकाळ कशीबशी गेली. पण थोरली तिच्या रोलरपाशी उभी होती आणि गप्प होती. ती चादर सारत होती, काढत होती, सारत होती. मशीन घोगरं झालं तेव्हा तिची मान वळली, आणि तिने ती परत समोर आणली. धाकटीने हे काचेतून पाहिलं.

"मावशी, हिरव्या चादरी वर ठेवा!" धाकटी बाहेर येऊन म्हणाली.

"वर म्हणजे कुठे वर?" मावशी म्हणाल्या.

"बॉयलरदादा, वाफ वाढवा!"

"कोणाची?"

बॉयलरवाला चावीवर हात ठेवून उभा, मावशी गठ्ठा छातीशी धरून उभ्या, आणि सगळे कसली तरी वाट बघत होते. आपण कशाची वाट बघतोय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. इतकी वर्षं जे प्रश्न ऐकून त्यांना वाटायचं की आपल्याला सुचलं, ते प्रश्न आज कोणी विचारत नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच वरून फोन आला. ऑपरेशन थिएटरची सिस्टर. हिरव्या चादरी अजून का नाहीत? टेबलावर पेशंट घ्यायचाय. धाकटीने फोन ठेवला. मोठं मशीन घोगऱ्या आवाजात दोन गिरक्या घेऊन थांबलं होतं, पोटात सगळ्या हिरव्या चादरी, आणि दार उघडत नव्हतं.

ती धावत रोलरपाशी गेली.

"जाऊबाई, विचारा ना!"

"काय विचारू?"

"काहीही! नेहमी विचारता तसं!"

"आता तू आहेस ना. मी कोण..." थोरलीने वाक्य अर्ध्यात सोडलं. तिची नजर मशीनवर गेली, मग घड्याळावर, मग धाकटीच्या डोळ्यांत साचलेल्या पाण्यावर. हातातली चादर तिने खाली ठेवली.

"बॉयलरदादा, त्या मशीनचं पाणी आधी खालून सोडलं तर दार उघडेल का हो?"

"उघडेल की!" बॉयलरवाला असा उडी मारून निघाला, जसं काही त्याला कोणी पिंजऱ्यातून सोडलं.

"मावशी, मागच्या कपाटातल्या जुन्या हिरव्या, तुम्ही शिवलेल्या, त्या दिव्यावर एकदा बघता का? चांगल्या असतील तर त्या आधी वर जातील. धाकटे, गाडी लिफ्टपाशी नेऊन ठेवतेस? लिफ्ट अडवून धर. आणि साहेब, तेवढा वर फोन करून सांगता का, की पहिला गठ्ठा निघाला म्हणून? तुमचं ऐकतील ते."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्यांना काम सांगितलं होतं. ते चक्क पळत गेले. क्षणात सगळं तळघर हलायला लागलं. पाणी धोधो गटारात गेलं, दार उघडलं, मावशींनी शिवलेल्या चादरी दिव्यावर निर्मळ निघाल्या, गाडी वर गेली, दुसरा गठ्ठा रोलरमधून सरसर बाहेर येऊ लागला. थोरली मधोमध उभी होती. तिचा आवाज एकदाही चढला नाही. पण गाल लाल झाले होते, आणि डोळ्यांत असं काही होतं की धाकटी लिफ्टच्या दारातून बघतच राहिली. भरल्या पंगतीला वाढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असतं, तसं.

वरून निरोप आला, चादरी पोचल्या. मशीनं पुन्हा एका सुरात गडगडू लागली. तेव्हा धाकटी सरळ फूटपट्टीपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, मी सांगितलेली गोष्ट माझी नव्हती."

"म्हणजे?"

"ती किल्लीवाली बाई म्हणजे ह्या. मी नुसतं यांना बघून सांगितलं. तुम्ही मोजलंत ते यांचं मोजलंत. माझं नाही."

फूटपट्टी स्टुलावरून उठला. तो रागावला नाही. "मला ऐकू यायला हवं होतं ते," तो म्हणाला. "इतकी बारीक गोष्ट कोणी मनाने रचत नाही." मग थोरलीकडे वळून, किंचित वाकून म्हणाला, "बाई, आता जे पाहिलं त्याबद्दल मला शंका नाही. पण मी काम मोजायला आलो नव्हतो. ओढ मोजायला आलो होतो. जिला ती खुर्ची नकोय तिला तिथे बसवणं ही शिक्षा होते, मी बसवलेत असे लोक. तुमची गोष्ट मी तीनदा ऐकली. किल्ल्या परत द्यायला चाललीय, म्हणालात. म्हणून विचारतो. तुम्हाला हवंय का हे?"

"तिला?" मावशी लगेच म्हणाल्या. "अहो, तिच्यासारखी निर्मळ बाई शोधून सापडायची नाही. तिला कसली हो हाव!"

"वहिनींच्या पोटात काहीच नाही," बॉयलरवाल्याने छातीवर हात ठेवून ग्वाही दिली. "नाकासमोर चालणारी बाई."

"कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही की पुढे आली नाही," साहेबांनीही भर घातली. "तिला असलं काही नकोच असतं. तोच तर तिचा मोठेपणा."

सगळे खरोखर मनापासून बोलत होते. प्रत्येकाने आपल्याकडची सर्वांत स्वच्छ चादर आणावी आणि तिच्या अंगावर घालावी, तसं. आणि धाकटीला दिसत होतं की त्या पांढऱ्या ढिगाखाली थोरली हळूहळू दिसेनाशी होतेय. नेहमीचं वाक्य तिच्या ओठांशी आलंसुद्धा होतं. धाकटीला वाटलं, आपणच ओरडून सांगावं, खुर्चीचं सांगावं, बाहीने पुसलेलं सांगावं. पण ते सांगणं तिचं नव्हतं. ती फक्त जाऊन जावेसमोर उभी राहिली, चादरीची दोन टोकं हातात असल्यासारखी, आणि म्हणाली, "जाऊबाई, त्या दिवशी मी डबा घरी विसरले नव्हते. तो घ्यायला मी इथे परत आले होते. मी बघितलं होतं."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. तिचा हात आपोआप बाहीकडे गेला. मग तिने तो खाली सोडला.

"मोजा," ती फूटपट्टीला म्हणाली. आवाज तसाच, हळू. "मला हवीय ती खुर्ची. आज नाही, पहिल्या दिवसापासून हवीय. मला सांगायला आवडतं. मी म्हटलं आणि माणसं हलली, की माझ्या अंगात वारं भरतं. इतकी वर्षं विचारून विचारून सांगितलं, आता मला सरळ सांगायचंय."